उघडे पैसे, गुंडाळलेले पैसे

...तर किनुबाई टेबलावर राहिलेलं ते पाचशे येनचं नाणं मुठीत धरून उतारावरून पळत सुटली, इथपर्यंत काल आलो होतो, नाही का? मग चहा आला आणि पुढचं राहून गेलं. खाली बसथांब्यावर तो गोरा पाहुणा उभा होता. ताडमाड उंच, पाठीवर भलंमोठं बोचकं, एक पाय बसच्या पायरीवर. मागून किनुबाई, ॲप्रन फडफडतोय, पायात घरातल्या सपाता, हात वर केलेला आणि तोंडाने "पाहुणे! अहो पाहुणे!" चाललेलं. तो घाबरलाच. एवढी म्हातारी बाई एवढ्या जिवाच्या आकांताने पळत येते म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, जेवणाचे पैसे कमी पडले असणार, असं त्याला वाटलं. तिने नाणं पुढे करायच्या आत त्याने खिशातून आणखी एक पाचशेचं नाणं काढलं, तिच्या तळहातावर ठेवलं, कमरेत वाकून माफी मागितली आणि बसचं दार मिटलं.

ती वर परत आली ती हजार येन घेऊन.

"गेलीस ओझं उतरवायला आणि दुप्पट घेऊन आलीस," मी म्हटलं.

ती उंबऱ्याशी बसली, उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला, आणि जरा वेळाने म्हणाली, "इवाओदादा, पाणी द्या भांडंभर. आणि हसू नका. फार दमलेय मी."

किनुबाईचं पूर्ण नाव किनुए. आमच्या तोचिनोसे गावातल्या सोबाच्या दुकानात पुढचं सगळं, म्हणजे पाहुण्यांना बसवणं, वाढणं, तीच बघायची. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, त्या मी करायचो. दाराशेजारी काचेची एक खोली आहे, तिच्यात बसून पीठ मळायचं, लाटायचं, कापायचं. काचेतून दुकान दिसतं, उतार दिसतो, खालचा बसथांबाही दिसतो. त्यामुळे किनुबाईचं जे जे मी सांगतोय ते बरंचसं या काचेतून पाहिलेलं आहे.

ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पलीकडच्या समुद्रकाठच्या गावची, डोंगर ओलांडून आली, भर बर्फात, हातात एक गाठोडं. आल्या आल्या तिला मागे टाकली, भांडी घासायला. सहा वर्षं ती मागे होती. हिवाळ्यात हात फुटायचे, वाडग्यांना रक्ताचे ठिपके लागायचे, ते पुन्हा धुवायची. सहा वर्षांनी पुढची बाई लग्न करून गेली, आणि थोरल्या मालकीणबाईंनी किनुबाईला नवा ॲप्रन दिला आणि म्हणाल्या, "उद्यापासून पुढे." त्या दिवशी ती दुपारभर रडली म्हणे. मला तोंडाने तसं कधी सांगितलं नाही, पण डोळे सुजलेले मी पाहिले होते.

थोरल्या मालकीणबाई फार कडक. त्यांचा एक नियम होता: पाहुणा जे घेऊन आला ते सगळं घेऊन गेला पाहिजे, वर पोटात सोबा. विसरलेली वस्तू गार व्हायच्या आत मालकाच्या हातात. आमच्याकडे जेवणाचे पैसे दाराशी लाकडी तबकात ठेवायचे. तिथे मालकाची बायको असते, ती सुट्टे दोन्ही हातांनी परत देते आणि व्यवहार संपतो. मग टेबलावर पैसे राहिले म्हणजे ते विसरले, यात शंका घ्यायची गरजच नाही. छत्री राहते, चष्मा राहतो, एकदा एका सरपंचाची कवळी राहिली होती, तसेच पैसे. ती कवळी किनुबाईने वाडग्यात घालून, वर रुमाल झाकून, गावभर पळत जाऊन पोचवली होती. सरपंच तिला नंतर कायम तोंड मिटून नमस्कार करायचे.

तेव्हा पायात जोर होता. महिन्यातून एकदा कधीतरी पळावं लागायचं. पुढे आमच्या गरम पाण्याच्या झऱ्यांची ख्याती कशी कोण जाणे परदेशात पोचली, आणि गोरे पाहुणे यायला लागले. भली माणसं. बूट काढून चटईवर बसताना गुडघे कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नाही, पण वाडगं चाटूनपुसून साफ करतात. आणि उठताना दोन नाणी, चार नाणी, कपाखाली सरकवून जातात. आठवड्यातून एकदा, मग दिवसातून एकदा, मग शरदात पानं लाल झाली की दिवसातून तीनदा. आणि प्रत्येक वेळी किनुबाई उतारावर.

वय सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर. उतरताना गुडघा कुरकुरायचा, चढताना ओरडायचा. डॉक्टरने क्ष-किरणाचा फोटो काढला आणि म्हणाला, "बाई, इथे दोन हाडांत गादी असते. तुमची गादी कुठे गेली?" ती म्हणाली, "उतारावर सांडली असेल. जाताना बघते."

मालकाने एक पाटी करून आणली. चार भाषांत: 'कृपया टिप ठेवू नये.' प्रत्येक टेबलावर एक. पाहुण्यांना ती भारी आवडली. तिचे फोटो काढायचे, हसायचे, आणि जाताना नाणी बरोबर त्या पाटीवरच ठेवून जायचे.

ज्यांची बस ती पोचायच्या आधीच निघून जायची, त्यांचे पैसे घेऊन ती संध्याकाळी पोलीस चौकीत जायची. चौकीत कुरोसे नावाचा हवालदार, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला.

"आज काय, मावशी?"

"तीनशे येन. खिडकीजवळची बैठक. उंच बाई, लाल टोपी, कोलंबीची भजी आणि गार सोबा."

"मावशी, फॉर्मात भज्यांना रकाना नाही."

"मग समासात लिहा. तीच खूण आहे तिची. शेपट्याही खाल्ल्या तिने."

कुरोसे लिहायचा. शेपट्यांसकट. तीन महिने कोणी आलं नाही की कायद्याने ती वस्तू सापडणाऱ्याची होते, म्हणून तो तिला बोलवायचा, "मावशी, मालक आला नाही. सही करा, घेऊन जा."

"तीन महिन्यांनी माझे कसे झाले? दुसऱ्याचं पोर तीन महिने सांभाळलं तर आपलं होतं का?"

"कायदा मी केलेला नाही हो. मला फक्त कपाट रिकामं करायचंय."

"मग देवाच्या पेटीत टाका. देव विचारत नाही कुठून आले."

"ते तुम्हीच टाका. देऊळ पन्नास पायऱ्या वर आहे, आणि माझेही गुडघे सरकारी नाहीत."

असे ते दोघं. दोघंही दमलेले, आणि दोघांनाही दुसऱ्याशी भांडल्याशिवाय करमत नव्हतं.

घरी तिचं कोणी नव्हतं. नवरा तोकुजी, बर्फावर घसरायला येणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांवर कामाला होता, अकरा वर्षांपूर्वी गेला. मुलगी नागोयाला, रविवारी फोन करते. एकदा किनुबाई मला म्हणाली होती, "दादा, दिवसभर 'या, या' करून घरी जाते. कुलूप काढते, दार सरकवते, आणि तोंडातून आपोआप 'या' निघतं. मग लक्षात येतं, आपणच आलोय." तिच्या आयुष्यात दुकानाची पुढची बाजू हीच एक उजेडाची जागा होती. कोण कुठे बसतं, कोणाला तिखट मुळा चालत नाही, कोणाच्या आईचं ऑपरेशन झालं, सगळं तिला पाठ.

म्हणून त्या रविवारी मालकाने जे केलं ते त्यालाही सोपं गेलं नसणार.

मालक म्हणजे तेत्सुरो, थोरल्या मालकीणबाईंचा मुलगा, चव्वेचाळीस वर्षांचा. त्याचं नाक किनुबाईने पुसलेलं. तो तिला मावशी म्हणतो, ती त्याला पाहुण्यांसमोर मालक आणि एरवी तेत्सु. त्या रविवारी बाहेर दारापर्यंत रांग, आत सगळ्या बैठका भरलेल्या, आणि किनुबाई दोनशे येन घेऊन उतारावर. मागे माझ्या गरम शेवया वाडग्यात फुगून दोरखंड झाल्या, आणि नागोयाहून आलेलं सहाजणांचं कुटुंब अर्धा तास वाट बघून उठून गेलं. दुकान मिटल्यावर त्याने तिला बोलावलं. काचेतून आवाज येतो, मी काय करू?

"मावशी, बसा."

"उभीच बरी. बसले तर उठवायला दोघं लागतील."

"ते पैसे म्हणजे टिप असते, मावशी. बक्षिशी. त्यांच्याकडे चालच आहे ती."

"त्यांच्याकडे असेल. टेबल आपलं आहे."

"ते तुम्हाला देतात."

"मला देतात तर माझ्या हातात का नाही देत? टेबलाने काय केलंय त्यांचं एवढं?"

मालकाने कपाळाला हात लावला.

"आणि द्यायचे पैसे कोणी उघडे देतं का, तेत्सु? तुझ्या लग्नात कोणी खिशातून नोट काढून तुझ्या हातावर टेकवली? पाकीट होतं, कोरी नोट होती, वर गाठ होती. मोठ्या विश्रामगृहांत पाहुणे मोलकरणीला देतात तेसुद्धा कागदात घालून. उघडे पैसे म्हणजे विसरलेले पैसे. शेंबड्या पोराला कळतं हे. तुला तर शेंबूड असल्यापासून सांगतेय मी."

मालक मग म्हणाला, "बरं. तुमच्याच शब्दावर चालू. उघडे असले तर विसरलेले. दुकान मिटल्यावर कुरोसेकडे द्या. पळायचं नाही. गुंडाळलेले असले तर दिलेले. तुमचे. तेव्हाही पळायचं नाही."

"गुंडाळून कोण देतंय इथे?"

"दिले तर म्हणतोय."

"दिले तर नाही पळणार. कशाला पळू?"

"आणि पळालात तर, मावशी..." तो चटईकडे बघत बोलला, "तर पुढे दुसरी बाई ठेवावी लागेल. तुम्ही मागे. भांडी. तिथे स्टूल आहे, बसून करता येईल. डॉक्टरही तेच म्हणतो. मला आणखी सहाजण उठून गेलेले परवडत नाहीत."

ती मग म्हणाली, "ठरलं, मालक." दुकानात पाहुणा नव्हता, तरी मालक म्हणाली.

तीन आठवडे ती पळाली नाही. मी रोज पाहायचो. टेबलावर नाणं दिसायचं. ती नाण्याकडे बघायची, दाराकडे बघायची, हात ॲप्रनच्या खिशात कोंबायची. खाली बसचा भोंगा वाजला की हातातलं वाडगं क्षणभर थांबायचं. गुडघ्याला आराम मिळाला असेल, पण बाई सुकत चालली. मी म्हटलं, "बरं वाटतंय ना आता?" तर म्हणाली, "पूर्वी पाय दुखायचे, रात्री झोप लागायची. आता पाय ठीक आहेत."

आणि मग ते दोघं आले.

म्हातारं जोडपं, परदेशी. बाई हाडकुळी, पांढऱ्या केसांची, सारखी नवऱ्याच्या कोटाची बटणं नीट करणारी. नवऱ्याचे हात थरथरायचे. काड्यांनी शेवई उचलायचा, तोंडाशी जाईपर्यंत शेवई परत वाडग्यात. तीनदा झालं. चौथ्यांदा त्याने काड्या खाली ठेवल्या आणि खिडकीबाहेर बघत बसला, जसं काही भूकच नव्हती. बायको इकडेतिकडे बघायला लागली. किनुबाईने काही न विचारता वाडगं उचललं, माझ्याकडे आणलं आणि भिंतीवरची कात्री काढली.

"काय करतेस?" मी ओरडलो. "माझ्या शेवया कात्रीने कापतेस? लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य!"

"आयुष्याचं ते बघतील. आधी घास तोंडात जाऊ दे."

कराकरा कापलं, लाकडी चमचा घातला, नेऊन ठेवलं. दुसऱ्या टेबलांकडे पाठ येईल अशी त्याची बैठकही फिरवून दिली. म्हाताऱ्याने सगळं खाल्लं. शेवटी रिवाजाप्रमाणे शेवया उकडलेलं पाणी आणून दिलं, तेही तो दोन्ही हातांनी वाडगं धरून प्यायला. बायकोने किनुबाईचा हात धरला, काहीतरी म्हणाली. किनुबाई "हो, हो" म्हणाली. कोणाला काय कळलं देव जाणे.

ते गेले आणि टेबल पुसताना किनुबाई थांबली. काड्यांचं जे कागदी पाकीट असतं ना, त्याची त्या बाईने नीट घड्या घालून चौकोनी पुडी केली होती. आणि पुडीच्या आत, पाच हजारांची नोट.

मालक पलीकडच्या टेबलावर होता. त्याने पाहिलं, आणि इतक्या दिवसांनी त्याचा चेहरा हलका झाला. "बघा मावशी! गुंडाळलेले. दिलेत. तुमचे आहेत ते. ठरलंय आपलं."

"हो," किनुबाई म्हणाली. "ठरलंय."

तिने पुडी खिशात ठेवली. खिडकीच्या टेबलावर दोन वाडगी नेऊन दिली. एका पोराने सांडलेलं पुसलं. मग माझ्या काचेपाशी येऊन उभी राहिली. माझा सुरा पिठावर चालू होता.

"इवाओदादा."

"काय?"

"परतीचा आहेर?"

"कसला आहेर?"

"दिलं म्हणजे परत द्यायला नको? पुरतं नाही तर निम्म्याचं तरी. तुम्हाला कोणी पेटीभर सफरचंदं दिली तर तुम्ही नुसती खाऊन ढेकर देता?"

"अगं, ते परदेशी..."

"कुठे राहतात?"

"मला काय माहीत!"

"मलाही नाही माहीत. आणि बारा-चाळीसची बस चार मिनिटांत आहे." तिने दाराकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, हट्ट नव्हता. थकवा होता नुसता, गरम पाण्याच्या कुंडात जास्त वेळ बसून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा. "उघडे असते तर कुरोसेला दिले असते, सुटले असते. गुंडाळलेले निघाले आणि माझं जाणं आलं बघा."

दाराजवळच्या फळीवर आम्ही माझ्या वाळवलेल्या शेवयांची पुडकी विकायला ठेवतो. तिने दोन उचलली, मालकाच्या बायकोला म्हणाली, "माझ्या पगारातून," आणि सपातांसकट बाहेर पडली.

त्याला पळणं म्हणवत नव्हतं. कठड्याला धरून, खेकड्यासारखी आडवी आडवी उतरत होती. मालक दारात जाऊन उभा राहिला. हाक मारली नाही. मारून उपयोग नव्हता, आणि आत बत्तीस माणसं बसली होती.

पुढचं मला बसवाल्या सेगावाने सांगितलं. सेगावा एकोणीस वर्षं तीच बस चालवतो आणि कधी अर्धं मिनिट उशीर केलेला नाही. त्याला आरशात किनुबाई दिसली. त्याने दार उघडंच ठेवलं आणि माइकवरून सांगितलं, "प्रवाशांची क्षमा असावी. किनुबाई येत असल्यामुळे बस दोन मिनिटं उशिरा सुटेल." आमच्या गावचे चारजण बसमध्ये होते, त्यांनी माना डोलावल्या. कारण पटण्यासारखं होतं.

किनुबाई चढली, त्या जोडप्यापुढे उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पुडकी पुढे केली. म्हातारीला वाटलं, ही बाई इथपर्यंत माल विकायला आलीय. तिने पर्स उघडली. किनुबाई म्हणाली, "नको, नको!" म्हातारीला वाटलं, किंमत कमी सांगतेय, म्हणून तिने मोठी नोट काढली. किनुबाईने खिशातली पुडी दाखवली. म्हातारीने ती पुडी तिच्या खिशात परत कोंबली. इकडून पुडकी, तिकडून नोट. सेगावा म्हणतो, "असं भांडण मी फक्त हॉटेलात बिल कोणी द्यायचं यावरून व्याह्यांमध्ये बघितलंय." तीन मिनिटं झाली. घामाने डबडबलेल्या सेगावाने दार मिटलं आणि बस सोडली. किनुबाई आतच.

शेवटी त्या म्हाताऱ्याने सोडवलं. त्याने थरथरते हात पुढे केले, दोन्ही पुडकी घेतली, मांडीवर ठेवली, वर दोन्ही तळवे टेकवले आणि तिच्याकडे बघून वाकला. झालं. किनुबाईही वाकली. म्हातारीनेही मग पर्स मिटली.

पुढचा थांबा पुलापाशी. सेगावाने आरशात पाहिलं, तर किनुबाई मागच्या बाकावर बसलेली, खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेली. भर दुपारी, बाकावर बसून, जेवणाच्या गर्दीच्या वेळी. पन्नास वर्षांत त्या वेळेला ती कधी बसलीही नसेल. त्याने पुलापाशी तिला उठवलं नाही. शाळेपाशी नाही. म्हणाला, "उठवणार होतो. पण तोंड उघडं टाकून झोपली होती, आमच्या आईसारखी. मनच झालं नाही." थेट स्टेशनला, शेवटच्या थांब्यावर, ती जागी झाली. बस रिकामी होती. जोडपं गाडीने निघून गेलं होतं. आणि तिच्या गुडघ्यांवर एक निळा लोकरी मफलर होता, दोन्ही बाजूंनी नीट खोचलेला.

इकडे दुकानात पुढचं मी बघत होतो. त्याबद्दल कमी बोललेलं बरं. गरमवाल्याला गार दिलं, गारवाल्याला भजी दिली, आणि 'या, या' असं काही म्हणालो की दारातलं एक जोडपं तसंच मागे फिरलं. मालक धावत होता, त्याची बायको धावत होती. तो दिवस आमचा नव्हताच.

दुकान मिटलं आणि साडेतीनच्या बसने किनुबाई वर आली. उतार चढायला तिला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण मध्ये ती चौकीत थांबली होती. कुरोसेने मफलर उलटसुलट करून पाहिला.

"विसरलेला की दिलेला, मावशी?"

"उघडा म्हणाल तर उघडा होता. गुंडाळलेला म्हणाल तर गुंडाळलेला होता. मलाच."

कुरोसेने फॉर्म काढला, बराच वेळ पाहिला, आणि परत खणात ठेवला. "झोपलेल्या माणसाला घातलेल्या पांघरुणाला आमच्याकडे रकाना नाही," तो म्हणाला. "घाला गळ्यात. थंडी पडलीय."

तर ती मफलर गळ्यात घालून दारात उभी. एक सपात तुटलेली, हातात धरलेली. मी काच पुसत होतो, म्हणजे पुसायचं ढोंग करत होतो. मालक चटईवर बसला होता, समोर गार झालेला चहा. त्यानेही दिवसभर काही खाल्लं नव्हतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागवायलाही अंगात जोर लागतो.

"मावशी," तो म्हणाला, "पोचलं का त्यांना?"

"पोचलं."

"बरं." बाहेर सेगावाची बस वळली, तिचा आवाजही विरला. "ठरलं होतं आपलं. मी शब्द दिला, तुम्ही शब्द दिला. उद्यापासून ती खालच्या गल्लीतली मियाओ येईल पुढे. मला बोलवत नाही, मावशी, पण मी दुसरं काय करू? तुम्हीच सांगा. मागे पाठवू, की काय करू?"

किनुबाईने तुटकी सपात उंबऱ्यावर ठेवली, कठड्याला धरून हळूहळू खाली बसली, आणि जे बोलली ते मी तसंच्या तसं सांगतो:

"मागे पाठवा, मालक. खरंच दमलेय मी, स्टुलावर बसायला मिळेल. पण मागच्या दारातून बसथांबा जवळ पडतो, एवढं आधीच सांगून ठेवते."